वेलांट्या दुरुस्त करणारा चोर

संगणक आपणहून बोलू लागला तेव्हा माझी बोटं शेंगांच्या चटणीनं माखलेली होती.

दुपारची वेळ. मी कीबोर्डपासून चांगली हातभर लांब, खिडकीजवळच्या खुर्चीत जेवायला बसले होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. आणि टेबलावरून माझ्या स्क्रीन रीडरचा तो ओळखीचा, जरा नाकात बोलणारा आवाज आला, "नदीकाठच्या वस्तीला पुरामुळे..."

घास तोंडातच राहिला. ही ओळ माझी होती. म्हणजे मी सकाळी टंकलेल्या इतिहासाच्या धड्यातली.

"पुरामुळे," आवाज म्हणाला. "निवडले." मग क्षणभर शांतता, आणि पुन्हा, "पुरामुळे."

त्यानंतर पुढची ओळ. मग त्याच्या पुढची. "परिस्थिती. निवडले. परिस्थिती."

कोणीतरी माझा धडा वाचत होतं.

मला वयाच्या पाचव्या वर्षापासून दिसत नाही. सोलापुरात आमच्या वडिलांच्या घरी मी एकटीच राहायचे आणि अंधांसाठी ब्रेल पुस्तकं काढणाऱ्या एका संस्थेचं काम करायचे. वाचकांनी मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित केलेली शाळेची पुस्तकं ऐकायची, ती संगणकावर टंकायची आणि संस्थेकडे ईमेलनं पाठवायची. तिथले होनराव सर ती ब्रेलमध्ये छापायचे. माझा संगणक दिवसरात्र चालू असे, पण त्याचा पडदा कायम बंद असे, त्यावर आईनं विणलेला रुमाल टाकलेला असे. मला काय करायचाय पडदा? पडद्यावर जे घडेल ते स्क्रीन रीडर वाचून दाखवायचा. एरवी मी हेडफोन लावून काम करी आणि जेवताना तो काढून ठेवी. त्या सकाळी हेडफोनची वायर तुटली, म्हणून कपाटातला जुना स्पीकर जोडला होता. तो नसता जोडला तर मला काही कळलंच नसतं.

भीती वाटायला हवी होती, पण आधी वाटली ती उत्सुकता. शेजारच्या खोलीत कोणी आपल्याबद्दल बोलत असलं की आपण श्वास रोखून ऐकतो ना, तशी मी ऐकत बसले. हा जो कोणी होता तो शब्दापाशी थांबायचा, तो निवडायचा, काहीतरी करायचा आणि शब्द पुन्हा जसाच्या तसा ऐकू यायचा. आधी "पुरामुळे", नंतरही "पुरामुळे". मग केलं काय त्यानं?

हात न धुताच मी उठले आणि कीबोर्डवर बोट ठेवलं. आवाज तिथल्या तिथे थांबला. भांड्यांमागं खुडबुडणारा उंदीर पावलाची चाहूल लागताच गप्प व्हावा, तसा.

मी त्या धड्याच्या शेवटी टंकलं, "कोण आहे?"

बराच वेळ थांबले. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल उघडून शेवटच्या ओळीवर गेले. माझा प्रश्न तिथे नव्हता. कोणीतरी तो पुसून टाकला होता.

मी नसीमला फोन लावला.

नसीम शेख माझी कॉलेजातली मैत्रीण. तिनं पुढं संगणकाचं शिक्षण घेतलं आणि विजापूर वेशीजवळ दुरुस्तीचं दुकान टाकलं. बोलायला फटकळ, पण हाक मारली की येणारी. माझं सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "गिरिजा, तुझ्या संगणकाला भूत लागलंय असं म्हणणार असशील तर मी येत नाही हं."

"भूत शब्द निवडून पुन्हा टंकत नाही."

"ते पण खरं की. येते."

ती यायच्या आतच होनराव सरांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मऊ नव्हता.

"गिरिजाताई, काल रात्री तुमच्याकडून कसलं पत्र आलं? 'सोबतची फाइल तातडीनं पाहावी.' मी उघडली. आता इथला संगणक धड चालेना. आणि तेच पत्र आपल्या सगळ्या वाचकांना गेलंय म्हणे."

"सर, मी असं काही पाठवलेलं नाही."

"तुमच्याच पत्त्यावरून आलंय, ताई. मुलांच्या परीक्षा तोंडावर आहेत. इतिहासाचं पुस्तक वेळेत जायला हवं. बघा काय ते."

तोवर हे कोडं होतं, आता ते दुसऱ्यांच्या घरात शिरलं होतं.

नसीम आली. पडद्यावरचा रुमाल काढून तिनं पडदा सुरू केला.

"काही दिसतंय?" मी विचारलं.

"वरवर काही नाही. पण पंखा बघ कसा घरघरतोय. तू काही चालवत नाहीयेस, मग हा एवढा दमलाय कशानं?" तिच्या बोटांचा खटखटाट सुरू झाला. "आणि इंटरनेटवरून सारखं काहीतरी बाहेर जातंय. थांब... अगं, पडद्याशेजारच्या कॅमेऱ्याचा दिवा लागलाय. तू लावलास?"

"मला कशाला हवाय कॅमेरा?"

ती पटकन उठली. तिनं तोच रुमाल कॅमेऱ्यावर टाकला असावा, कारण कापडाचा आवाज झाला. मी या खोलीत केस विंचरते, गुणगुणते, कधीकधी रडतेही. हे सगळं कोणीतरी बघत होतं?

"घाबरू नकोस," नसीम म्हणाली. "याला बॅकडोअर म्हणतात. घराचं पुढचं दार तू कुलूप लावून बंद ठेवतेस. पण कोणी तुझ्या नकळत मागं एक दार पाडलं, तर तो हवं तेव्हा आत येणार. तुझ्या फाइली वाचणार, तुझ्या नावानं पत्रं पाठवणार, तू टंकलेले पासवर्ड टिपून घेणार. आणि तुला पत्ताही लागणार नाही."

"मग काढ ते."

"काढते. पण आधी ही तार." तिनं इंटरनेटची तार खस्सकन उपटली. "आता येऊ दे कुठून येतो ते."

संगणक सुरू होताना आपोआप काय काय चालू होतं ते ती तपासू लागली. मध्येच थांबून म्हणाली, "हा बघ चोर. विंडोजचाच कोणी असल्यासारखं नाव घेऊन बसलाय. फक्त एक अक्षर इकडचं तिकडे, आणि राहायलाही भलत्याच फोल्डरमध्ये." तिनं दुकानातून आणलेल्या सीडीवरून व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम चालवला, सापडलं ते पुसलं, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला.

"गेला?"

मग नसीमनं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "परत आलाय! मी पुसते आणि दुसरा कोणीतरी त्याला पुन्हा आणून बसवतो. म्हणजे एक नाही, दोघं आहेत, गिरिजा. एक दिवाळीच्या सुमारास आलेला दिसतोय. दुसरा नंतरचा, पण त्याच्याच आडोशानं राहतोय."

"माझ्या धड्यात काय केलं ते आधी सांग," मी म्हणाले. काल दुपारपासून तोच प्रश्न माझ्या डोक्यात घोळत होता. "चोराला इतिहासाच्या धड्याशी काय करायचंय?"

धडा टंकून झाला की मी लगेच त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ठेवायचे. नसीमनं आपल्या लॅपटॉपवर तो पेनड्राइव्ह तपासला, त्यातला धडा उघडला आणि माझ्या संगणकातला शेजारी ठेवून ताडून बघू लागली. आणि हसायला लागली.

"काय झालं?"

"अगं, तुझा चोर शुद्धलेखन तपासतोय!"

"म्हणजे?"

"तू 'पुरामुळे'मध्ये पहिला उकार दीर्घ दिला होतास, त्यानं ऱ्हस्व केलाय. 'परिस्थिती'तल्या 'रि'ला तू दीर्घ वेलांटी दिलेली, त्यानं ऱ्हस्व केलीय. असंच पानभर. एकही वाक्य बदललेलं नाही, नुसत्या वेलांट्या आणि उकार. असला चोर मी जन्मात बघितला नाही बाई!"

तिचं हसणं थांबेना, आणि माझ्या आत काहीतरी हळूहळू खचत चाललं होतं. स्क्रीन रीडरच्या आवाजात ऱ्हस्व आणि दीर्घ जवळपास सारखेच ऐकू येतात. टंकलेलं परत ऐकलं तरी चूक कानाला लागत नाही. ब्रेलमध्ये मात्र दोन्हींची टिंबं वेगळी, बोटाला लगेच कळतात. दिवाळीनंतर होनराव सरांनी छापून पाठवलेले सगळे धडे मी बोटांनी वाचले होते, आणि त्यांत एकही चूक नव्हती. सर म्हणाले होते, "गिरिजाताई, तुमच्यासारखं शुद्ध काम डोळसांनाही जमत नाही. पुढच्या वर्षापासून मुद्रितशोधनाचा सगळा विभाग तुम्हीच सांभाळा." तो दिवस मी मनात जपून ठेवला होता. त्या रात्री आरशासमोर उभं राहावंसं वाटलं होतं मला, इतका आनंद झाला होता.

"नसीम, सगळं वाच," मी म्हणाले. "त्यानं बदललेला एकेक शब्द. अक्षरं फोडून वाच."

ती वाचू लागली. हसणं आता थांबलं होतं. माझ्या चुका एकापाठोपाठ एक माझ्या पुढ्यात येऊन पडत होत्या. दुसऱ्या धड्याच्या मध्यावर ती अडखळली.

"हे मात्र उलटं झालंय. तू 'उज्ज्वल' बरोबर लिहिलेलंस, दोन ज घालून. त्यानं एक ज काढून टाकलाय. चोरालाही सगळं येत नाही म्हणायचं."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

माझी दृष्टी गेल्यावर मला अक्षरं सोडू द्यायची नाहीत असं आमच्या घरात एकट्यानं ठरवलं होतं. तो माझ्या तळहातावर बोटानं अक्षरं काढायचा, शब्द फोडून पाठ करून घ्यायचा. "उ, ज, व, ल. उज्वल." पुढं अंधशाळेत ब्रेल शिकताना मी हा शब्द तसाच लिहिला आणि बाईंनी सगळ्या वर्गासमोर मला त्यात दोन ज असतात हे दहादा लिहायला लावलं. घरी येऊन मी त्याच्यावर चिडले होते. तो म्हणाला होता, "तुझ्या बाईंना काय कळतंय? एकच असतो."

"नसीम, माझा मोबाईल दे."

"कोणाला लावतेस?"

"अण्णाला."

माझा मोठा भाऊ मल्लिनाथ, आम्ही त्याला मल्लूअण्णा म्हणायचो, पुण्यात संगणकाच्याच कंपनीत होता. हा संगणकही त्यानंच दिलेला. दिवाळीत आला तेव्हा दोन दिवस बसून त्यानं तो नीट लावून दिला होता.

"बोल गं," तो म्हणाला. मागं त्याच्या ऑफिसातला गलका ऐकू येत होता.

"अण्णा, उज्ज्वलमध्ये ज किती?"

"एक. का?"

मी काहीच बोलले नाही. गलका मागं पडत गेला, दार लागल्याचा आवाज आला. तो बाहेर येऊन उभा राहिला असावा.

"तुला कळलं," तो म्हणाला.

"कॅमेराही तूच लावत होतास?"

"कॅमेरा? नाही! आईची शपथ, गिरिजा, कॅमेरा नाही. पत्रंही मी कधी उघडली नाहीत. मी फक्त जेवणाच्या सुट्टीत तुझे धडे बघायचो. काल तू 'कोण आहे' असं लिहिलंस ना, घाम फुटला मला. आज सकाळी तू उठायच्या आत ते पुसलं."

"का केलंस हे सगळं?"

"दिवाळीत तुझ्या एका धड्यात चुका दिसल्या. तू एवढ्या हौसेनं बोलत होतीस त्या कामाबद्दल. कसं सांगू? म्हटलं, गुपचूप करून टाकावं. नेटवरून एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवला, तुझ्या लक्षात येऊ नये असा लपवून टाकला. कोणाचं काय बिघडतंय?"

फोनजवळ कान आणून ऐकणाऱ्या नसीमनं माझ्या हातातून फोन घेतला. "अण्णा, मी नसीम. काय बिघडतंय ते मी सांगते. तुम्ही मागच्या बाजूनं दार पाडलंत, आणि ज्याचा तो प्रोग्रॅम होता त्यानं त्या दारात स्वतःसाठी आणखी एक दार ठेवलेलं होतं. तुमच्यामागनं तो आत आला. त्यानं कॅमेरा लावला, संस्थेचा संगणक बिघडवला, कोणाकोणाच्या घरी पत्रं पाठवली. तुम्ही संगणकातले जाणकार ना? असलं फुकटचं उचलून बहिणीच्या घरात ठेवता?"

फोन पुन्हा माझ्या कानाला लागला.

"मी आत्ता निघतो," अण्णा म्हणाला. "मी सगळं साफ करून देतो."

"येऊ नकोस."

"गिरिजा, मी काय चोर आहे का?"

"चोर असतास तर बरं झालं असतं. चोरावर ओरडता तरी येतं."

लहानपणी मी काठीशिवाय गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायचे. सगळे कौतुक करायचे, मलाही वाटायचं की मला वाट पाठ झालीय. मोठेपणी शेजारच्या काकूंनी सहज सांगितलं, अण्णा माझ्या पुढं पुढं चालत दगड, सायकली, बसलेली कुत्री बाजूला करत जायचा. तेव्हा मला त्याच्याबद्दल फक्त माया वाटली होती. त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं, मग मी खरंच किती चालले होते?

फोन ठेवला. नसीम कामाच्या आवाजात म्हणाली, "हे आता नुसतं पुसून भागायचं नाही. एकदा असा आत राहून गेला की कुठे काय ठेवून गेलाय याचा भरवसा नाही. सगळी डिस्क कोरी करायची आणि मूळ सीडीवरून विंडोज पुन्हा घालायचं. पासवर्ड सगळे बदलायचे, पण या संगणकावरून नाही, माझ्या लॅपटॉपवरून. आणि ज्यांना ज्यांना ते पत्र गेलं त्यांना कळवायचं, फाइल उघडू नका म्हणून."

"कर."

"एक विचारते. धडे कुठले ठेवू? इथले दुरुस्त केलेले आहेत. नुसता मजकूर आहे, नीट तपासून उचलून घेता येईल. पेनड्राइव्हवरचे तुझे पहिले आहेत." ती घुटमळली. "पुस्तक वेळेत द्यायचंय ना?"

होनराव सर, परीक्षेला बसणारी मुलं, तो मुद्रितशोधनाचा विभाग, सगळं एकदम आठवलं. दुरुस्त केलेले धडे घेतले असते तर कोणालाच काही कळलं नसतं.

"पेनड्राइव्हवरचे ठेव," मी म्हणाले. "तेवढेच माझे आहेत."

नसीमनं वाद घातला नाही. डिस्क कोरी होत होती तेव्हा तिनं माझ्या लॉगिनचे पासवर्ड एकेक करून बदलून घेतले, मी सांगितलेली माफीची पत्रं तिच्या पत्त्यावरून सगळ्यांना पाठवली. नवीन विंडोज चढलं, त्यावर आम्ही नव्यानं स्क्रीन रीडर घातला. त्याचा पहिला शब्द ऐकू आला तेव्हा ती म्हणाली, "हे घे तुझं घर. आता आत फक्त तूच." जाता जाता तिनं कॅमेऱ्यावर एक कागदाची चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी ती संस्थेत जाऊन तिथलाही संगणक तसाच धुऊन आली.

होनराव सरांना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. अगदी सगळं. वेलांट्यांचंही. ते ऐकत राहिले. त्यांच्या खुर्चीची करकर तेवढी येत होती.

"म्हणजे ते निर्दोष धडे तुमचे नव्हते," शेवटी ते म्हणाले.

"नव्हते, सर."

"विभागाचं मग काय करायचं?"

"ते तुम्ही ठरवा. मला फक्त छापयंत्र वापरू द्या. मी कच्ची प्रत ब्रेलमध्ये काढीन आणि बोटांनी तपासून दुरुस्त करीन. कानाला जे कळत नाही ते बोटाला कळतं. हे मी आधीच करायला हवं होतं, पण चुका आहेत हेच मला कोणी कळू दिलं नाही."

त्यांनी छापयंत्राच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

पुढचे कितीतरी दिवस मी त्या खोलीत काढले. यंत्र जाड कागदावर टिंबं ठोकत राहायचं आणि मी मागून बोटं फिरवत जायचे. पहिल्या धड्यात इतक्या चुका निघाल्या की एकदा मी कागद बाजूला सारून डोकं टेबलावर टेकलं. पण तिसऱ्या-चौथ्या धड्यापासून बोट आपणहून अडायला लागलं. मग एक दिवस टंकतानाच हात थबकला, 'पुराचा', पहिला उकार ऱ्हस्व, आणि मी एकटीच खोलीत हसले. पुस्तक उशिरा गेलं. परीक्षेच्या आत गेलं, पण मुलांना हवं होतं त्यापेक्षा उशिरा. एका आईनं होनराव सरांना फोन करून बोल लावले, आणि ते त्यांनी मला सांगितले. विभाग त्या वर्षी मला मिळाला नाही. पुढं मिळाला.

अण्णा रोज फोन करायचा आणि मी उचलत नसे. मग त्यानं करणं सोडलं. आई गेल्यावर आम्हा दोघांचंच घर उरलं होतं, त्यामुळे ते दिवस फार शांत गेले.

गुढीपाडव्याच्या सुमारास एका दुपारी मी भूगोलाच्या धड्यात अडले. वाचकानं ध्वनिमुद्रणात एका गावाचं नाव भरभर उच्चारलं होतं. पाचव्यांदा ऐकूनही कळेना की त्यात ळ आहे की ल. पुण्याकडचं गाव होतं ते. अण्णा त्या बाजूला नोकरीनिमित्त फिरलेला.

मी फोन लावला. पहिल्याच घंटीला त्यानं उचलला.

"गिरिजा?"

"एका गावाच्या नावात अडलेय," मी म्हणाले आणि ते नाव जसं ऐकू आलं तसं सांगितलं. "ल आहे की ळ, ते कळत नाहीये."

पलीकडे शांतता. त्याला उत्तर येत होतं, हे मला त्याच्या श्वासावरून कळत होतं. एरवी त्यानं तिथल्या तिथे उत्तर फेकलं असतं, शिवाय न विचारलेल्या चार गोष्टी पुढं जोडल्या असत्या.

"सांगू?" त्यानं विचारलं.

"सांग," मी म्हणाले, आणि टंकायला बोटं कीबोर्डवर ठेवली.